बोटभर निळा मासा: प्रवाळातला छोटा मासा ओळखायचा कसा

बडोद्यात बसून प्रवाळातले मासे ओळखायला शिकता येतं का, असं मला अनेकदा विचारतात. येतं. खंभातचं आखात आपल्याला जवळ, पण तिथलं पाणी गाळाचं, त्यात प्रवाळ नाही. तरी प्रवाळातले मासे आपल्यापर्यंत पोचतात. शहरातल्या काही मत्स्यालयाच्या दुकानांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या असतात, कुणी अंदमानहून फोटो घेऊन येतं, आणि सौराष्ट्र मेलने जामनगर गाठलं की कच्छच्या आखातातल्या नराऱ्याच्या प्रवाळावर ओहोटीत चालत जाता येतं.

हा लेख दोन ते दहा सेंटीमीटरच्या माशांबद्दल आहे. मोठ्या माशांना बाजारात नावं असतात, कोळी ओळखतात. या बोटभर माशांना मराठीत बहुतेक नावंच नाहीत. दुकानदार जे नाव सांगतो ते व्यापारातलं असतं, आणि एकाच नावाखाली तीन-चार जाती विकल्या जातात. नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकतं: मासा किती वाढणार, दुसऱ्यांशी भांडणार का, काय खाणार, कुठल्या समुद्रातून आला.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. नवखा माणूस रंगापासून सुरू करतो. रंग शेवटी बघायचा. आधी आकार, मग पर, मग काटे, मग ठिकाण, आणि मग रंग.

हाताशी काय हवं

- जवळून फोटो काढू शकणारा फोन. क्लिपवर लावायची मॅक्रो लेन्स असेल तर फार उपयोग होतो.
- वही आणि पेन्सिल. पाण्याजवळ शाई पसरते.
- लहान पट्टी.
- फिशबेस ही माशांची मोफत ऑनलाइन माहितीसूची. जातीचं नाव टाकलं की आकार, काट्यांची संख्या आणि आढळ मिळतो.
- आयनॅचरॅलिस्ट हे फोटोवरून नाव सुचवणारं अॅप. त्याचा उपयोग कसा करायचा आणि कुठे थांबायचं ते पुढे सांगते.
- नराऱ्याला जाणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र, वनखात्याचा परवाना आणि जाड तळव्याचे जुने बूट.

१. पाणी खारं की गोडं, हे आधी विचारा

ही पायरी फालतू वाटेल, पण गाळू नका. आपल्याकडच्या दुकानांत नव्वद टक्के टाक्या गोड्या पाण्याच्या, आणि त्यांत आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले झळझळीत निळे सिक्लिड असतात. सिक्लिड आणि प्रवाळातले डॅमसेल, म्हणजे क्लाउनफिशच्या कुळातले बोटभर मासे, एकमेकांसारखे दिसतात, आणि दोघांच्याही तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेकच नाकपुडी असते. फोनवर आलेल्या फोटोत पाण्याची चव कळत नाही. कुणी फोटो पाठवला तर पहिला प्रश्न हाच: टाकीत मीठ घालता का?

२. फोटो बाजूनेच, आणि पर उघडे असताना

ओळखीची अर्धी लढाई फोटोत होते. समोरून काढलेला गोड चेहऱ्याचा फोटो ओळखीला निरुपयोगी. मासा पूर्ण आडवा, डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, असा हवा.

टाकीत काढताना लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि फ्लॅश बंद ठेवा. खाऱ्या टाक्यांवर बहुधा निळा दिवा असतो. त्या उजेडात पिवळा हिरवट दिसतो, जांभळा निळा दिसतो आणि करड्या माशालाही निळी झाक येते. दुकानदाराला दोन मिनिटं पांढरा दिवा लावायला सांगा. नम्रपणे विचारलं की बहुतेक जण लावतात.

छोटे मासे पर मिटून पोहतात, आणि पर मिटलेले असले की काटे मोजता येत नाहीत. त्यामुळे मी फोटोऐवजी व्हिडिओ घेते. डॅमसेल आपल्या कोपऱ्याचे कडवे राखणदार असतात. दुसरा मासा जवळ आला की क्षणभर सगळे पर ताठ उभे करतात. त्या क्षणाची चौकट व्हिडिओतून काढून घ्यायची.

आकाराचा अंदाज काचेबाहेरून घेऊ नका. पाणी आणि काच मिळून मासा मोठा दाखवतात. टाकीतल्याच एखाद्या वस्तूशी, नळीशी किंवा शिंपल्याशी, तुलना करा आणि तशी वस्तू बाहेर मोजा. वहीत लिहिताना तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी की शेपटीच्या टोकापर्यंतची, हेही लिहा. या दोन्ही लांब्या वापरात आहेत आणि त्यांत बराच फरक पडतो.

३. आधी कुळ, मग जात

इथे घाई करू नका. कुळ बरोबर आलं तर हजारो शक्यतांतून तुम्ही थोडक्यांवर येता. ते चुकलं तर कितीही शोधा, सापडत नाही.

मासा कसा पोहतो ते बघा. तळावर टेकून, टुणकन उडी मारून पुन्हा टेकणारा लहान मासा बहुधा गोबी किंवा ब्लेनी असतो. या दोघांना वेगळं करायला पाठीवरचा पर बघायचा. गोबीच्या पाठीवर दोन सुटे पर असतात आणि बहुतेकांचे पोटाखालचे पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. ब्लेनीचा पाठीवरचा पर लांबलचक, एकसलग, अंगाला खवले नाहीत, आणि पुष्कळांच्या डोळ्यांवर लहान झालरी असतात.

शेपूट जवळजवळ न हलवता, छातीच्या बाजूचे पर वल्ह्यांसारखे मारत जाणारा लांबट मासा दिसला तर रास कुळाचा विचार करा. इंग्रजीत त्यांना रास म्हणतात, आणि मराठी छंदवाल्यांतही तेच रूढ आहे.

चपटा, ताटलीसारखा, छोट्या तोंडाचा मासा असेल तर तीन कुळं समोर येतात. कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर मागे वळलेला ठळक काटा असेल तर एंजलफिश. तो नसेल आणि तोंड चोचीसारखं पुढे आलेलं असेल तर फुलपाखरू मासा, म्हणजे बटरफ्लायफिश. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार पातं असेल तर सर्जनफिश.

आणि लंबगोल, बोटभर, सतत कुणाच्या तरी अंगावर धावणारा असेल तर डॅमसेल. या कुळाचं शास्त्रीय नाव पोमासेंट्रिडी. क्लाउनफिशही याच कुळातले. खात्री करायला दोन खुणा आहेत: शेपटीजवळच्या खालच्या परात, म्हणजे गुदपरात, दोन काटे, आणि बहुतेकांच्या तोंडाच्या प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी. फुलपाखरू माशाला गुदपरात तीन किंवा जास्त काटे असतात आणि नाकपुड्या प्रत्येक बाजूला दोन. मॅक्रो लेन्सने काढलेल्या फोटोत नाकपुडी स्वच्छ दिसते. सिक्लिडच्या गुदपरातही तीन किंवा जास्त काटे असतात, म्हणून पहिल्या पायरीवरची शंका इथे पक्की मिटते.

४. मोजायला शिका

मोजणी कंटाळवाणी वाटते. पण जिथे रंग फसवतो तिथे आकडा निकाल देतो.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ: नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. या एका वर्णनात दोन जाती बसतात. ॲम्फिप्रियॉन ऑसेलारिस आणि ॲम्फिप्रियॉन पर्क्युला. ऑसेलारिसच्या पाठीवरच्या परात सहसा ११ काटे असतात, पर्क्युलाच्या सहसा १०. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना बहुधा जाड काळी किनार असते, ऑसेलारिसची किनार बारीक किंवा जवळजवळ नसतेच. पर्क्युलाचा डोळा नारिंगी, त्यामुळे काळी बाहुली लहान वाटते. ऑसेलारिसच्या डोळ्यात करडी छटा असते, म्हणून डोळा मोठा वाटतो.

काटे कसे मोजायचे? फोटो मोठा करा आणि डोक्याकडून सुरुवात करा. काटे टणक, टोकदार आणि न फाटलेले असतात. त्यांच्या मागचे मऊ किरण टोकाशी फाटतात. पहिला काटा बुटका असतो आणि सुटून जातो, म्हणून दोनदा मोजा.

एक सापळा लक्षात ठेवा. आता टाकीत पैदास केलेले, पट्टे तुटलेले, जवळजवळ पूर्ण पांढरे किंवा काळे क्लाउनफिश विकायला येतात. त्यांच्यात दोन्ही जातींचा संकर असू शकतो. अशा माशाची जात दुकानात उभं राहून ठरवायला जाऊ नका. 'पैदाशीचा क्लाउनफिश' एवढंच लिहा.

५. आता रंग: निळ्यांचा गोंधळ

बडोद्यातल्या दुकानात निळा मासा दाखवून नाव विचारलंत तर उत्तर ठरलेलं: 'आ तो ब्लू डेविल छे, बेन.' त्यात दुकानदाराचा दोष नाही, घाऊक यादीत तसंच येतं. पण त्या एका नावाखाली काय काय असू शकतं ते बघा.

क्रायसिप्टेरा सायनिया हा खरा ब्लू डेविल. पूर्ण झळझळीत निळा, नाकाडापासून डोळ्यातून जाणारी बारीक काळी रेघ. मादीच्या आणि पिल्लाच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या मुळाशी छोटा काळा ठिपका असतो. काही भागांतल्या नरांची शेपटी नारिंगी असते, आणि मग तोच मासा 'यलोटेल' म्हणून विकला जातो.

क्रायसिप्टेरा पॅरासेमा हा खरा यलोटेल. अंग निळं, फक्त शेपटी आणि तिचं मूळ पिवळं. पोट निळंच. सात सेंटीमीटरच्या आसपास थांबतो आणि या सगळ्यांत त्यातल्या त्यात शांत. लहान टाकीसाठी विचारणाऱ्याला मी हाच सुचवते.

क्रायसिप्टेरा हेमिसायनियाचं पिवळेपण पोटापासून सुरू होतं. पोट, पोटाखालचे पर, गुदपर आणि शेपटी, सगळी खालची बाजू पिवळी. म्हणून नजर शेपटीवर न्यायच्या आधी पोटावर न्या.

पोमासेंट्रस सिलेस्टिस दिसायला हेमिसायनियाच्या जवळचा, पण अंग जास्त सडपातळ, आणि तो खाली न राहता पाण्यात घोळक्याने वर पोहतो. वंशाचा, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचा, फरक पक्का करायचा असेल तर कल्ल्याच्या झाकणापुढचं हाड बघायचं. पोमासेंट्रसमध्ये त्याची कड करवतीसारखी दातेरी, क्रायसिप्टेरात गुळगुळीत. यासाठी खूप चांगला फोटो लागतो, पण मिळाला तर वादच उरत नाही.

आणि या रांगेत न शोभणारा पाचवा: पॅराकँथ्युरस हेपॅटस, निळा सर्जनफिश. लहानपणी तोही बोटभर, निळा, पिवळ्या शेपटीचा. पण अंग ताटलीसारखं चपटं, बाजूला मोठी काळी वळणदार नक्षी, आणि शेपटीच्या मुळाशी पातं. हा ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. 'यलोटेल' म्हणून याला दोन फुटी टाकीत सोडणं म्हणजे त्या जिवावर अन्याय आहे.

सायनियाबद्दल आणखी एक. त्याचा निळा हा रंगद्रव्याचा नाही, कातडीतल्या पेशींत प्रकाश परतवणारे सूक्ष्म थर असतात त्यांचा आहे. मासा घाबरला की तो थोड्याच वेळात काळपट होतो. पिशवीतून नुकताच सोडलेला काळा मासा तासाभरात निळा झाला तर आश्चर्य नको. म्हणून मासा नवीन आणलाय का, हेही विचारा आणि नोंदवा. मेलेल्या किंवा औषधात ठेवलेल्या माशात तर हा निळा उरत नाही. काटे आणि खवले मात्र उरतात.

६. पिल्लू, नर, मादी आणि सोंगाडे

सम्राट एंजलफिश, पोमाकँथस इम्परेटर, याचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं. मोठा झाला की निळ्यावर पिवळ्या आडव्या रेघा. जुन्या अभ्यासकांनी ते पिल्लू वेगळी जात म्हणून नोंदवलं होतं. तेव्हा छोट्या माशाचा शोध घेताना 'छोटी जात' आणि 'मोठ्या जातीचं पिल्लू' या दोन्ही शक्यता शेवटपर्यंत उघड्या ठेवा. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो, डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस, मोठा होताना ते ठिपके फिके करत जातो.

क्लाउनफिशच्या जोडीत मोठी ती मादी. मादी मेली की नर मादी होतो. पुष्कळ रास मासे उलटे, मादीचे नर होतात आणि रंगही बदलतात.

सगळ्यात सुंदर फसवणूक स्वच्छक माशाची. लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा निळा-पांढरा, लांब काळ्या पट्ट्याचा रास इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. अस्पिडॉन्टस टीनिएटस ही ब्लेनी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते, पोहते, आणि जवळ जाऊन पराचा लचका तोडते. रंगाने दोघांना वेगळं करणं अवघड. तोंड बघा: खऱ्या स्वच्छकाचं तोंड अगदी पुढे टोकाला, सोंगाड्याचं नाकाडाच्या खाली. एवढी एक खूण पुरते.

७. ठिकाण हाही पुरावा आहे

भारतात प्रवाळाचे मुख्य प्रदेश चार: कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार. ऑसेलारिस अंदमानात आहे. पर्क्युला ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पापुआ न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर. पॅरासेमा पश्चिम प्रशांत महासागरातला. तेव्हा नातेवाईकांनी अंदमानातल्या हॅवलॉकहून (आताचं स्वराज द्वीप) आणलेल्या फोटोतल्या माशाला पर्क्युला म्हणायच्या आधी थांबा आणि काटे मोजा. मन्नारकडचा फोटो असेल, अंग गडद, पट्टे दोन आणि शेपटी पिवळी असेल, तर ॲम्फिप्रियॉन सेबीचा विचार करा.

दुकानातल्या माशाला हा पुरावा लागू होत नाही, तो कुठूनही आलेला असतो. म्हणूनच दुकानातल्या किंवा घरच्या टाकीतल्या माशाची नोंद आयनॅचरॅलिस्टवर करताना तो पाळीव आहे अशी खूण न विसरता करा. नाहीतर प्रशांत महासागरातला मासा नकाशावर बडोद्यात दिसतो आणि पुढच्या अभ्यासकाची वाट चुकते.

८. नाव तपासताना

अॅप जे नाव सुचवतं ते संशयितांची यादी म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. त्या यादीतलं प्रत्येक नाव फिशबेसवर टाका. काट्यांचा आकडा, कमाल लांबी, आढळ, या तिन्हींत तुमची नोंद बसते का बघा. एक जरी बसत नसेल तर ते नाव बाजूला ठेवा.

शास्त्रीय नावामागे नोंदकर्त्याचं नाव आणि वर्ष असतं. ते कंसात असेल तर जातीचा वंश नंतर बदलला आहे असं समजा. लासेपेद यांनी १८०२ मध्ये पर्क्युलाची नोंद केली ती ल्युट्जानस वंशात, म्हणजे आपल्या तांबोशीच्या घरात. आज तो ॲम्फिप्रियॉनमध्ये आहे, म्हणून कंस. जुन्या याद्या वाचताना दोन वेगळी नावं एकाच माशाची निघतात ती यामुळे.

९. नराऱ्याला जाताना

कच्छच्या आखातातलं सागरी अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झालं आणि १९८२ मध्ये त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नरारा वाडिनारजवळ आहे आणि बोट लागत नाही, पायीच आत जायचं. पिरोटन बेटाला बोट लागते, आणि ते खुलं आहे का हे निघण्याआधीच वनखात्याकडे विचारून घ्या.

सगळा खेळ ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब हटतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब इथे लावू नका. आखातात भरती आत शिरत जाते तशी वेळ पुढे सरकते. वाडिनारचंच वेळापत्रक बघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. सगळ्यात खालच्या पाण्याच्या दीड-दोन तास आधी आत शिरा आणि पाणी वळलं की परत फिरा. सपाट खडकावर भरती भराभर चढते.

अंदमानातल्या फोटोंसारखी रंगांची उधळण इथे शोधू नका. डबक्यात दिसतात ते बहुतेक करडे-तपकिरी गोबी आणि ब्लेनी, आणि नशीब असेल तर पट्टेरी सार्जंट माशांची पिल्लं. हे सार्जंट अबुडेफडुफ वंशातले, मोजणीच्या सरावाला उत्तम. वैजिएन्सिसच्या अंगावर पाच काळे उभे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक, बेंगालेन्सिसचे पट्टे सहा-सात आणि बारीक. गढूळ पाण्यात फोटो जमत नसेल तर डबक्याशेजारी हालचाल न करता बसा. लपलेला मासा थोड्या वेळाने आपणहून बाहेर येतो.

पाय वाळूवर ठेवा, जिवंत प्रवाळावर नाही. प्रवाळ, शंख, मासा, काहीही उचलून आणू नका. प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही खिशात घालायचा नाही. फुगणारा मासा हातात घेऊन फुगवून दाखवायची हौस काही जणांना असते. तुमच्यासाठी कुणी तसं करायला लागलं तर स्पष्ट नको म्हणा. फुगणं हा त्याचा जीव वाचवायचा शेवटचा उपाय असतो.

१०. अडलं तर

कुळापर्यंत किंवा वंशापर्यंत येऊन थांबणं अगदी योग्य आहे. नराऱ्यातल्या गोबींच्या बाबतीत तर फोटोवरून जातीपर्यंत जाणं बहुतेकदा शक्यच नसतं. 'क्रायसिप्टेरा, जात अनिश्चित' असं लिहिलेली नोंद चुकीच्या नेमक्या नावापेक्षा कितीतरी कामाची. पुढे कुणी जाणकार ती बघून पुढे नेऊ शकतो.

सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे. अशा ठिकाणी जाणकाराला विचारायचं असेल तर तयारी करून जा. आडवा फोटो, पर उघडलेला फोटो, डोक्याचा जवळून फोटो, लांबी, तारीख, जागा, पाण्याची खोली, आणि मासा टाकीतला की समुद्रातला हे एका कागदावर लिहून न्या. 'हा कुठला?' असं विचारण्यापेक्षा 'काटे १३ मोजले, पोट पिवळं आहे, मला हेमिसायनिया वाटतो, पण झाकणाची कड दातेरी दिसते' असं विचारा. मग समोरचा माणूसही फोटो मोठा करून तुमच्याबरोबर मोजायला लागतो.